नाताळच्या फराळासाठी कागदाची गाय

पेडणे व डिचोली तालुक्यांत हिंदू वस्ती अधिक असली, तरी नाताळचा आनंद ख्रिस्ती कुटुंबांपुरता मर्यादित राहत नाही. दिवाळीचा फराळ शेजारी जातो, तसे डिसेंबरअखेर शेजारून ‘कुस्वार’ येते. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, बेबिंका असे पदार्थ त्यात असतात. ज्या घरी नुकताच मृत्यू घडला असेल, तेथे सणाचे गोडधोड केले जात नाही. अशा घराची आठवण शेजाऱ्यांनी ठेवावयाची असते. हा जिव्हाळा मुलांच्या हाती सोपविण्यास कागदाची डबी हे उत्तम साधन आहे.

डबीस गायीचा आकार देणे सयुक्तिक ठरेल. बलिप्रतिपदेस गोव्यातील शेतकरी गुरांना सजवून त्यांची पूजा करतो. नाताळच्या देखाव्यातही गोठा व गुरे असतात. लूककृत शुभवर्तमानात बाळ येशूला गव्हाणीत ठेवल्याचा उल्लेख आहे, मात्र तेथे बैल व गाढव नाहीत. ती जोडी यशयाच्या ग्रंथातील एका वचनावरून परंपरेत आली. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे जिवंत जनावरांसह गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हापासून या प्रथेला चालना मिळाली.

साहित्य : जाड पुठ्ठा-कागद, पट्टी, पेन्सिल, कात्री, मैद्याची खळ, रंग, थोडा काथ्या व लोणी-कागद.

कृती :

१. २० सेंमी रुंद व २२ सेंमी उंच कागद घ्यावा. डावीकडून ५ व १५ सेंमीवर उभ्या आणि वरून ५, १०, १५ व २० सेंमीवर आडव्या रेषा आखाव्यात.

२. मधल्या रांगेत वरून अनुक्रमे एक बाजू, तळ, दुसरी बाजू, झाकण व २ सेंमीची जीभ असे भाग होतात. तळाच्या दोन्ही अंगांचे चौरस तसेच ठेवावेत. पहिल्या व तिसऱ्या ओळीच्या अंगांना केवळ दीड सेंमीच्या चिकटपट्ट्या राखून उरलेला भाग कापावा. झाकण व जीभ यांच्या अंगांचा कागद पूर्ण कापून टाकावा. चौरस व चिकटपट्ट्या यांमधील आडव्या रेषा कापून त्या सुट्या कराव्यात.

३. सर्व रेषांवर घडी घालावी. चिकटपट्ट्या चौरसांच्या आतून चिकटवाव्यात. जीभ पहिल्या बाजूच्या आत सरकविली की डबी बंद होते.

४. १० सेंमी लांब व ८ सेंमी उंच असे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येकाच्या खालच्या कडेला मधोमध ५ सेंमी रुंद व ३ सेंमी उंच भाग कापल्यास दोन पाय उरतात. वरची कड डबीच्या कडेशी जुळवून हे तुकडे दोन्ही बाजूंस चिकटवावेत.

५. शिंगे व कान असलेले डोके कापून पुढच्या चौरसावर, तर काथ्याची शेपटी मागे चिकटवावी.

शिक्षकांनी येथे गणिताचाही पाठ घ्यावा. १० × ५ × ५ मापाच्या या डबीचे घनफळ २५० घन सेंमी आणि पृष्ठफळ २५० चौरस सेंमी येते. आकडा एकच असला तरी मोजलेली गोष्ट वेगळी आहे, हे मुलांना चटकन उमगते.

दक्षता : कीड लागू नये म्हणून बांधणीच्या खळीत मोरचूद घालतात, तो विषारी असल्याने खाण्याच्या डबीसाठी मुळीच वापरू नये. रंग केवळ बाहेरून द्यावा. आत वर्तमानपत्र घालू नये. त्याची शाई आरोग्यास अपायकारक असते. सप्टेंबर २०२३ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही तसा इशारा दिला होता. लोणी-कागद अंथरून कुलकुल वा शंकरपाळे यांसारखे कोरडे पदार्थच भरावेत. दोदोलाचे तेल कागदातून पाझरते. मिठाईच्या खोक्यांवरील प्लॅस्टिकच्या वेष्टनास १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हेही मुलांना सांगावे.

प्रत्येक मुलाने दोन डब्या कराव्यात. एक आपल्या घरी न्यावी. दुसरी, ज्या शेजाऱ्याकडे यंदा सण नाही, त्याच्या दारी स्वतः पोहोचवावी.