परळच्या फुटपाथवरचे पेशंट गावी का जात नाहीत?

प्रश्न : मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलच्या जवळ फुटपाथवर काही माणसं चादरी अंथरून बसलेली दिसली. एकाच्या नाकात नळी होती. शेजारी एक बाई स्टोव्हवर भात शिजवत होत्या. एवढ्या आजारी माणसांना दाखल का करून घेत नाहीत? आणि दाखल करण्याइतकी ती आजारी नसतील, तर गावी का जात नाहीत?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तुमच्या या दोन प्रश्नांच्या मधे जी फट आहे, तिच्यातच ही माणसं राहतात.

कॅन्सर म्हटलं की आपल्याला खाट आणि सलाईन आठवतं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा उपचार ओपीडीत होतो. रेडिएशन, म्हणजे पेशंटच्या भाषेत ‘लाइट’, रोज काही मिनिटांचं असतं. पण आठवड्यातून पाच दिवस आणि बऱ्याचदा पाच-सहा आठवडे. तेवढ्यासाठी खाट अडवून ठेवली तर ऑपरेशनवाल्याला ती मिळायची नाही.

केमो दोन-तीन आठवड्यांतून एकदा. मग मधे गावी जाऊन यायला काय हरकत? हरकत अशी, की केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात. तेव्हा ताप शंभराच्या वर गेला, तर सकाळ होण्याची वाट न बघता दवाखाना गाठावा लागतो. तो ताप भुसावळच्या पुढे रेल्वेच्या डब्यात चढला तर?

गंमत बघा. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी रेल्वेच्या स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशनचा, औषधांचा खर्च भागतो. म्हणजे मुंबईला येणं जवळपास फुकट, उपचारही फुकट. परळमधली भाड्याची खोली मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. पेशंट रस्त्यावर येतो तो बहुतेक वेळा इथं.

नाकातल्या नळीचं आता सांगतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये गिळता येत नाही, म्हणून नळीवाटे पोटात अन्न सोडतात. दर दोन तासांनी पातळ पेज, दूध किंवा मिक्सरमधून काढून गाळलेलं वरण. मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायचं, मग पाणी सोडून नळी धुवायची; कण अडकला की नळी तुंबलीच. फुटपाथवर मिक्सर कुठून आणणार? त्या बाई भात मऊ शिजवून बहुधा फडक्यातून गाळत असणार. डॉक्टर बजावतात, पाणी उकळलेलं प्या, ताजं खा, गर्दी टाळा. सल्ला बरोबरच आहे, पण तो चार भिंती गृहीत धरून दिलेला आहे. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात घरी येऊन वेदनांवर उपचार करणारी पथकं मुंबईत आहेत; त्यांनाही जायला आधी एक घर लागतंच.

सोय अजिबात नाही असं नाही. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, वांद्र्याला बोर्जेस होम. मुलांसाठी २००६पासून सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. तिथं मुलाबरोबर आईबापांनाही विनामूल्य राहता येतं, आणि आई स्वतःच्या हाताने रांधू शकते. मला ही स्वयंपाकाची सोय फार शहाणपणाची वाटते. केमोने तोंडाची चव गेलेलं पोर कॅन्टीनच्या डब्याकडे बघत नाही, आईच्या हातचे चार घास कदाचित घेतं. टाटामध्ये २००९च्या सुमाराला कॅन्सर झालेल्या पाचांतलं एक मूल उपचार अर्धवट सोडत असे. राहणं, जेवण, पैसे या सगळ्याची एकत्र काळजी घेतल्यावर हे प्रमाण काही वर्षांत पाच टक्क्यांच्या खाली आलं.

पण खोल्या थोड्या, पेशंट देशभरचे. शिवाय शेजार मिळणंही सोपं नाही. २०२१मध्ये म्हाडाने टाटाच्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी करी रोड भागात १०० घरं दिली, तर स्थानिकांचा विरोध झाला आणि मुख्यमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. लगोलग बॉम्बे डाइंगच्या आवारातली घरं द्यायचं ठरलं. कॅन्सर हवेतून पसरत नाही हे विरोध करणाऱ्यांनाही ठाऊक असावं. तरी जिन्यात रोज आजारी माणूस नको वाटतो, हेही आपल्यातलंच आहे.

मुक्काम कमी करण्याची वाट डॉक्टरांकडूनही निघते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पूर्वी पंचवीस दिवस देत ते रेडिएशन आता बऱ्याच जणींना पंधरा दिवसांत देतात, गुण तेवढाच येतो. खोलीचं दोन आठवड्यांचं भाडं वाचतं ते वेगळंच.

तुमच्या ओळखीत कोणावर ही वेळ आलीच, तर पिशवी भरण्याआधी डॉक्टरांना विचारा, की उपचारांची योजना टाटात ठरवून लाइट किंवा केमो घराजवळ घेता येईल का. मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. परळला यावंच लागलं, तर फाइल निघाल्या दिवशीच तिथल्या समाजसेवा विभागाच्या खिडकीवर जा. बऱ्याच धर्मशाळांना हॉस्पिटलचं पत्र लागतं. आणि सोबत माणसं कमी आणा. पेशंटबरोबर एकाला, फार तर दोघांना ठेवून घेतात.