औषध मेंदूत का शिरत नाही?

प्रश्न : माझ्या आईला सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे. भाचा इथेच जीएसआयटीएसमध्ये एम. फार्म. करतो. तो म्हणतो, पॉलिमरच्या नॅनोकणांत भरून औषध मेंदूपर्यंत पोहोचवता येतं. मग आजवर औषध मेंदूत जातच नव्हतं का? आणि आईला असं काही मिळेल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : जात होतं, पण फार थोडी औषधं जात होती.

१८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. हृदय रंगलं, यकृत रंगलं, मेंदू मात्र कोराच राहिला. एर्लिखना वाटलं, मेंदू रंग धरतच नाही. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये निळा रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदू रंग धरत होता, रक्तातून तो त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून वाट मिळत नाही. तरीही कुठलं औषध आत आलंच, तर ते उचलून परत रक्तात टाकणारी प्रथिनं तिथे पहाऱ्यावर असतात.

आईचीच गोळी घ्या. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन कमी पडतं, पण डोपामिन दिलं तर ते ही भिंत ओलांडत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. ते स्वतः एक अमिनो आम्ल, त्यामुळे अमिनो आम्लांसाठी राखलेल्या दारातून ते आत जातं आणि आत त्याचं डोपामिन होतं. जोडीचं कार्बिडोपा ते वाटेतच खर्ची पडू देत नाही. आता वरण, पनीर, दूध यांतून आलेली अमिनो आम्लंही त्याच दाराशी गर्दी करतात. भरपेट जेवणानंतर घेतलेली गोळी काही जणांना कमी लागू पडते, त्याचं एक कारण हे.

नॅनोकणांमागचा विचार असा की दर औषधाला असं नवं रूप शोधण्यापेक्षा त्याला वाहनच द्यावं. भाच्याला एकदा प्रयोगशाळेत घेऊन जायला सांगा. पीएलजीए नावाचा पॉलिमर आणि औषध ॲसिटोनमध्ये विरघळवतात आणि ते द्रावण घुसळत्या पाण्यात थेंब थेंब सोडतात. ॲसिटोन उडून जातं आणि भांड्यात निळसर झाक असलेलं दुधी पाणी उरतं. त्यात बहुधा शंभर-दोनशे नॅनोमीटरचे कण असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याएवढे. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके याच जातीच्या पॉलिमरचे असतात. पाण्याने तो हळूहळू तुटतो, लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं, शरीर ते पचवतं आणि कणातलं औषध बेताबेताने सुटत राहतं. भाच्याच्या टेबलावर सागर विद्यापीठाच्या प्रा. एन. के. जैन यांनी संपादित केलेलं या विषयाचं पुस्तक बहुधा असेलच. 

पण असा कण भिंत कशी ओलांडतो? १९९५ मध्ये योर्ग क्रॉयटर आणि सहकाऱ्यांनी डॅलार्जिन हे वेदनाशामक पॉलिमरच्या कणांवर चढवलं आणि वरून पॉलिसॉर्बेट ८० चा लेप दिला. नुसतं डॅलार्जिन टोचून उंदरांवर परिणाम होत नव्हता. लेप दिलेल्या कणांनी त्यांची वेदना बोथट झाली. रक्तातलं एक प्रथिन त्या लेपाला चिकटतं, कण शरीराच्या स्वतःच्या चरबीच्या कणासारखा दिसू लागतो आणि पेशी त्याला आत ओढून घेतात, असा त्याचा उलगडा संशोधक करतात.

अडचणीही खऱ्या आहेत. टोचलेल्या कणांपैकी बहुतेक यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात, मेंदूच्या वाट्याला फार थोडे येतात. पुष्कळदा पहिल्याच दिवशी बरंच औषध भसकन बाहेर पडतं. म्हणून काही संशोधक नाकातून जाणारी वाट धरतात. नाकाच्या छतापासून वासाचे मज्जातंतू थेट मेंदूकडे जातात. तिथे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानचे कण वापरून पाहतात, कारण ते ओल्या अस्तराला चिकटून राहतात.

मेंदूसाठी पॉलिमर प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोहोचला तो वेगळ्या रूपात. कार्मुस्टिन भरलेल्या ग्लिआडेल चकत्यांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या पोकळीत आठपर्यंत चकत्या ठेवतात आणि त्यांतून औषध झिरपत राहतं. तिथे शल्यविशारद भिंतीच्या आतच औषध ठेवतो, ती ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : पार्किन्सनसाठी पॉलिमर नॅनोकणांचं औषध आज दुकानात मिळत नाही. ‘नॅनो’ लिहिलेली बाटली कुणी पार्किन्सनवरचा इलाज म्हणून विकत असेल, तर घेऊ नका. आईची गोळी आणि जेवण यांच्यात किती वेळ ठेवायचा, हे मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारा.