जुना लॅपटॉप घेताना : न दिसणाऱ्या कुलुपांची तपासणी

वास्को हे बंदराचे शहर. मुरगाव बंदर, गोवा शिपयार्ड आणि दाबोळीचा नौदल तळ यांमुळे येथे नोकरीनिमित्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता मोठा आहे. बदलीचा हुकूम आला की जड सामान विकून पुढच्या गावी जाण्याची रीत जुनीच; त्या सामानात आता लॅपटॉपचीही भर पडली आहे. मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी नवे यंत्र न परवडणाऱ्या पालकांना असा जुना लॅपटॉप सोयीचा वाटतो आणि तो घेण्यात गैर काहीच नाही. मात्र पडदा, कळफलक व बॅटरी पाहूनच समाधान मानणे धोक्याचे आहे. या यंत्राच्या आत डोळ्यांना न दिसणारी कुलुपे असतात. ती पूर्वीच्या मालकाच्या हाती राहिली, तर पैसे मोजूनही यंत्र आपले होत नाही.

कुलुपे कोणती?

पहिले कुलूप बायोसचे. यंत्र सुरू होताना प्रथम जागी होणारी ही मूळ आज्ञावली संकेतशब्दाने बंद करता येते. फार जुन्या यंत्रांत आतील नाण्याएवढी बॅटरी काढली की असा संकेतशब्द पुसला जाई. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तसे होत नाही. दुसरे कुलूप डिस्कचे. त्यांपैकी बिटलॉकर हे माहितीचे रक्षण करते व ४८ अंकी किल्लीविना ती माहिती उघडत नाही. परंतु डिस्क पुसून विंडोज नव्याने भरता येते, म्हणून खरेदीदाराने त्याची धास्ती घेऊ नये. डिस्कला स्वतःचा संकेतशब्द असेल, तर मात्र ती डिस्क निरुपयोगी ठरू शकते.

तिसरे कुलूप सर्वांत फसवे असते. कंपन्या आपल्या लॅपटॉपची नोंद दूरस्थ सर्व्हरवर ठेवतात. अशा यंत्रात विंडोज नव्याने भरले, तरी इंटरनेट जोडताच पडद्यावर त्या कंपनीचे नाव येते व तिचे खाते मागितले जाते. ॲपलच्या २०१८ पासूनच्या लॅपटॉपमध्ये ॲक्टिव्हेशन लॉकची सोय आहे. ते लागू असेल, तर मालकाच्या खात्याविना यंत्र पुन्हा सुरू होत नाही.

तपासणीचा क्रम

तपासणी विक्रेत्यासमोर आणि पैसे देण्यापूर्वीच करावी. प्रथम खरेदीचे मूळ बिल मागावे व त्यावरील अनुक्रमांक यंत्राच्या तळाशी आणि बायोसमध्ये दिसणाऱ्या क्रमांकाशी पडताळावा. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे व बायोस उघडावे. डेलमध्ये त्यासाठी सहसा एफ-२, तर एचपीमध्ये एफ-१० ही कळ दाबतात. तेथे संकेतशब्द मागितला गेल्यास तो विक्रेत्यानेच काढून द्यावा. त्यानंतर विक्रेत्याने आपली खाती बंद करून यंत्र पूर्ण पुसावे आणि इंटरनेट जोडून ते नव्या मालकाच्या नावे सुरू होते की नाही, हे शेवटपर्यंत पाहावे. या कामी तास-दीड तास गेला, तरी तो वाया गेला असे समजू नये.

“कुलूप बाहेर कोठेही काढून मिळेल,” असे सांगणाऱ्याकडून खरेदी करू नये. जो खरा मालक आहे, त्याला ते स्वतः काढता येते. कंपनीचे यंत्र असल्यास कंपनीने ते मुक्त केल्याचे पत्र मागावे.

कायद्याची बाजू

मोबाइल जुना घेताना त्याचा आयएमईआय क्रमांक शासनाच्या संचार साथी सेवेवर तपासता येतो. सर्वसाधारण लॅपटॉपला असा क्रमांक नसतो. त्यामुळे खातरजमेचा भार खरेदीदारावरच येतो. चोराला वस्तूची मालकी नसते, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्यालाही ती सहसा मिळत नाही. वस्तू मूळ मालकाकडे परत जाते. शिवाय चोरीचा संगणक जाणूनबुजून, किंवा तसे मानण्यास कारण असताना अप्रामाणिकपणे स्वीकारल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-बी खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणून विक्रेत्याचे नाव, पत्ता, अनुक्रमांक, रक्कम व दिनांक नमूद केलेली सही असलेली पावती घ्यावी आणि रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी. काटकसरीने जमवलेला पैसा बंद यंत्रात अडकू नये, यासाठी एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबाने घेणे अगत्याचे आहे.