राजीची परीक्षा

बालमित्रांनो, जत्रेत किंवा आठवडी बाजारात दोरीवरून चालणारी मुलगी तुम्ही पाहिली आहे काय? हातात आडवी काठी, पायांखाली बारीकशी दोरी आणि खाली ढोलकीचा नाद. ती पलीकडच्या टोकास सुखरूप पोचेपर्यंत पाहणाऱ्यांचा जीव मुठीत असतो. आमच्या घुग्घुसच्या बाजारात लहानपणी पाहिलेला तो खेळ मी अद्याप विसरलो नाही.

तशाच कसरती करणारी एक मुलगी परवाच्या दिवाळीत माझ्या घरी अवतरली. मात्र ती एका लहानशा यंत्राच्या पडद्यावर! पुण्याहून आलेल्या माझ्या नातवाने हातात धरून खेळावयाचे एक यंत्र आणले होते. पडद्यावरील मुलीचे नाव राजी. तिच्या गोलू नावाच्या धाकट्या भावास असुरांनी पळवून नेले आहे. दुर्गामातेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधार्थ निघते. वाटेत उंच भिंतींवर चढावे, एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर उडी घ्यावी आणि असुर आडवा आला की लढावे, असा हा खेळ आहे. अशा उड्यांच्या खेळांना 'प्लॅटफॉर्मर' असे म्हणतात. 'राजी'मध्ये ह्या उड्यांना लढाईची आणि पुराणकथांची जोड दिली आहे.

हा खेळ परदेशी नव्हे, आपल्या पुण्यातला आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या पुण्याच्या लहानशा संस्थेने तो रचला. परंतु त्याची वाट सोपी नव्हती. खेळ पुरा करण्यासाठी २०१७ साली संस्थेने 'किकस्टार्टर'च्या मार्गाने लोकांकडे साहाय्य मागितले. त्या मार्गाचा नियम असा, की ठरविलेली रक्कम पुरी जमली तरच पैसे मिळावयाचे. थोडी जरी उणी पडली तरी हाती काही येत नाही. रक्कम पुरी जमली नाही. तरीही त्या मंडळींनी काम सोडले नाही. पुढे 'एपिक गेम्स' ह्या अमेरिकन कंपनीचे अनुदान मिळाले आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ 'निन्टेन्डो स्विच' ह्या यंत्रावर प्रथम प्रकाशित झाला. निन्टेन्डो ही जपानमधील क्योटो नगरीची कंपनी. १८८९ साली तिची स्थापना झाली, तेव्हा ती खेळावयाचे पत्ते तयार करीत असे!

खेळ प्रकाशित झाला म्हणजे खऱ्या परीक्षेस आरंभ होतो. देशोदेशीच्या परीक्षकांनी 'राजी' खेळून पाहिली आणि आपली मते लिहिली. किल्ले, राजवाडे, कमळांनी भरलेली सरोवरे, भिंतींवरील चित्रांतून उलगडणाऱ्या देवदेवतांच्या कथा आणि मधुर संगीत ह्यांची अनेकांनी वाखाणणी केली. भारतीय कथा अशा देखण्या रूपात खेळावयास मिळावी, ह्याचेही त्यांना अप्रूप वाटले. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' ह्या जागतिक पारितोषिकांत उत्तम पदार्पणाच्या मानासाठी 'राजी'चे नाव निवडले गेले. अंती तो मान दुसऱ्या खेळास मिळाला.

परंतु त्याच परीक्षकांनी दोषही दाखविले. लढाईत म्हणावी तशी सफाई नाही. पडद्यावरील दृश्य खेळणाऱ्यास आपल्या इच्छेप्रमाणे फिरविता येत नाही. खेळ थोड्या तासांतच संपतो, आणि कथेचा शेवट तर अगदी अचानक होतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

हे सर्व मी मुलांना सांगितले मात्र, घरात वाद पेटला. नातू म्हणाला, "आजोबा, हा आपल्या पुण्याचा खेळ. त्याला नावे ठेवणे बरे नव्हे." नात म्हणाली, "पुण्याचा असला म्हणून काय झाले? मला शेवट मुळीच आवडला नाही. म्हणजे खेळ वाईटच!"

मी त्यांना झाडीपट्टीच्या नाटकांची आठवण दिली. धानाची कापणी झाली, की गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या गावोगावी ही नाटके रात्रभर चालतात. नट आपल्याच भागातले, पुष्कळदा ओळखीचेही; तरी जाणता प्रेक्षक त्यांची भीड धरीत नाही. गाणे रंगले तर तो मनापासून दाद देतो आणि संवाद पडला तर तेही सकाळी बोलून दाखवितो. म्हणून तो काही नाटकाचा वैरी ठरत नाही. पुढच्या वर्षी तोच पुन्हा सर्वांआधी येऊन बसतो.

"आपला म्हणून चांगला, हे जितके खोटे, तितकेच एक दोष दिसला म्हणून सारे वाईट, हेही खोटे," मी म्हणालो. "चांगले काय, उणे काय आणि ते तसे का, हे तिन्ही जो सांगतो तोच खरा परीक्षक. नुसत्या स्तुतीने करणाऱ्याचे पाऊल जागच्या जागी थांबते आणि नुसत्या निंदेने ते मागे फिरते."

'राजी'च्या कर्त्यांचे पाऊल मागे फिरले नाही. पुढे २०२२ साली त्यांनी खेळाची सुधारलेली आवृत्ती काढली आणि तीत पात्रांच्या तोंडी हिंदी भाषाही आली.

दोरीवर चालणाऱ्या मुलीच्या हातातील काठीला दोन टोके असतात. दोन्हीकडचा भार सारखा असेल, तरच तिचा तोल राहतो. बालमित्रांनो, दुसऱ्याच्या कामाविषयी मत देताना ती काठी आपल्या हाती आहे, हे विसरू नका.

स्वाध्याय

१. 'राजी' ह्या खेळाचे कोणते गुण आणि कोणते दोष परीक्षकांनी सांगितले?
२. नातू आणि नात ह्या दोघांच्या मतांत कोणती चूक होती?
३. 'जीव मुठीत असणे', 'नावे ठेवणे', 'भीड न धरणे' ह्यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या नाटकाचे किंवा खेळाचे गुणदोष कारणांसह दहा ओळींत लिहा.