ठासणीच्या बंदुकीची शिकार : हलाल की हराम?

पंचवटीतील एका भगिनीने विचारले आहे, "कोकणातील नातलगांनी ठासणीच्या बंदुकीने मारलेल्या सशाचे मांस आणले. बार काढताना त्यांनी 'बिस्मिल्लाह' म्हटले होते. ते हलाल ठरते काय?"

ससा मुळात हलाल आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सशाच्या मांसाची भेट स्वीकारल्याचे हजरत अनस (रजि.) सांगतात. प्रश्न मारण्याच्या रीतीचा आहे.

या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओततात, चिंधी कोंबतात, वर शिशाची गोळी वा छर्रे घालून गजाने ठासतात. गोळीला धार नसते. सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीत आघाताने मेलेले जनावर निषिद्ध ठरविले आहे. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) शिकविले की, फेकलेल्या दांड्याचे टोक घुसून जनावर मेले तर खावे, दांडा आडवा आदळून मेले तर खाऊ नये. दमिश्कचे हनफी विद्वान इब्न आबिदीन (निधन १८३६) यांच्या मते शिशाची गोळी धारेने कापत नाही. ती दाहाने व जोराच्या आघाताने मारते. गोळी शरीर भेदते म्हणून काही मालिकी विद्वानांनी अशी शिकार वैध मानली आहे. हनफी मतानुसार मात्र जनावर जिवंत हाती लागून त्याचे जिबह झाले, तरच ते हलाल. केवळ 'बिस्मिल्लाह' म्हटल्याने आघाताचे जिबह होत नाही.

येथेच उत्तर संपत नाही. ससा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राणी आहे. विनापरवाना बंदूक बनविणे वा बाळगणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे.

कोणी म्हणेल, अल्लाहने हलाल केलेले कायद्याने का सोडावे? याच सूरहची पहिली आयत करार पाळण्याचा आदेश देते आणि त्याच आयतीत एहरामच्या अवस्थेतील शिकारीस मनाई करते. ९४व्या आयतीचा आशय असा की, हाताच्या व भाल्याच्या टप्प्यातील शिकारीने अल्लाह श्रद्धावंतांची परीक्षा घेतो. म्हणजे हलाल असलेलेही प्रसंगी सोडणे ही इबादत आहे. देशाचे नागरिक म्हणून आपण स्वीकारलेले बंधन हाही करारच होय. शिवाय आपल्या घरांत शिकार ही पोटाची गरज राहिलेली नाही, ती हौस आहे, आणि हौसेसाठी जीव घेणे प्रेषितांनी (स.) निषिद्ध ठरविले आहे.

म्हणून भगिनींनी ते मांस खाऊ नये. नातलगांचा अपमान न करता, हेच कारण त्यांना सौम्यपणे सांगावे. सशाचे जिबह झाले असते, तरी करारभंगाचा दोष उरलाच असता.

अल्लाह आपल्या ताटातील घास आणि आपला शब्द, दोन्ही पाक ठेवो. आमीन.