गोळी व्यायामाच्या आधी

दुखण्याची गोळी व्यायामाच्या तासभर आधी घ्यायची. गुडघा बदललेल्या माणसाला घरी सोडताना एवढं एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला हवं. माझ्या डिस्चार्ज कार्डावर गोळीच्या नावापुढे इंग्रजीत ‘दुखल्यास’ एवढंच लिहिलेलं होतं. असं सांगितलं की वऱ्हाडातली बाई अगदी असह्य होईपर्यंत थांबते. आमच्याकडे बाईच्या सोसण्याचं कौतुक होतं, आणि या ऑपरेशननंतर नेमकं तेच नडतं.

माझं घर अकोल्याला, लेक अमरावतीला. म्हणून उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन अमरावतीला केलं. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि पेन्शनवर चालणाऱ्या घरांनाही हे ऑपरेशन थोडं आवाक्यात आलं. त्यानंतरचे महिने मात्र घरीच काढायचे असतात, आणि त्यांच्याबद्दल आधी फारसं कोणी बोलत नाही.

पहिल्या दिवशी वॉकर धरून चालले तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई जिंकली. तो असर कमरेतल्या भुलीचा आणि सांध्याभोवती दिलेल्या इंजेक्शनांचा असतो. तो उतरला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं उसळतं, बहुतेकदा घरी जायच्या सुमारासच. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही, आणि ऑपरेशन बिघडलं असंही त्याला वाटत नाही.

घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. “दुखते त काहून वाकवतं व माय? पडून राय ना!” प्रेमानेच म्हणायच्या सगळ्या. कोणीतरी गुडघ्याखाली मऊ उशी सरकवायचं आणि खरंच बरं वाटायचं. पण उशीमुळे गुडघा किंचित वाकलेलाच राहतो, मागचे स्नायू आखडतात आणि पुढे पाय सरळ होत नाही, चालताना लंगडावं लागतं. उशी काढा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने खाली जातो. दुखेल, पण हे दुखणं कामाचं आहे.

फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची. पाय पलंगावरून टाच घासत मागे ओढायला सांगायची. मांडी दगडासारखी घट्ट व्हायची आणि गुडघा मध्येच अडायचा. एकदा तिने कोन मोजायची प्लॅस्टिकची पट्टी गुडघ्याला लावली, आकडा पाहिला, आणि विचारलं, “काकू, गोळी कधी घेता?” मी म्हटलं, “तू गेल्यावर, दुखायला लागलं की.” ती म्हणाली, “उद्यापासून मी यायच्या तासभर आधी घ्या. मी डॉक्टरांशी बोलून घेते.” डॉक्टरांनीही वेळ बदलून दिली. दुखायच्या भीतीने माणूस अंग आखडून धरतो आणि तो आखडलेला स्नायूच गुडघ्याला वाकू देत नाही. गोळीचा जोर असताना व्यायाम केला तर मांडी सैल राहते. खुर्चीतून सहज उठायला गुडघा 90 अंशांपर्यंत वाकावा लागतो. सुरुवातीच्या आठवड्यांत तो वाकला नाही तर आत चिकटून बसतो आणि कधी कधी पुन्हा भूल देऊन वाकवावा लागतो. ती पाळी माझ्यावर आली नाही, कारण त्या मुलीने वेळेवर तो एक प्रश्न विचारला.

व्यायाम झाल्यावर बर्फ. कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, उघड्या कातडीवर कधीच नाही, आणि जखम ओली होऊ द्यायची नाही. पाय हृदयापेक्षा उंच ठेवून आडवं व्हायचं, तेही गुडघा सरळ ठेवून. तेलाने चोळणारे, हाडं बसवणारे यांना काही महिने दारातूनच नमस्कार करावा.

आता गोळ्यांबद्दल, आणि इथे मला कळकळीने सांगायचं आहे. माझ्या मावसभावाच्या खुब्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. डॉक्टरांच्या गोळीने भागत नाही म्हणून त्याने मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी आणवली आणि ती आठवडेच्या आठवडे घेतली. त्यात बीपीची औषधं चालू, अकोल्याचं 45 अंशांचं ऊन, आणि बाथरूमला उठायला नको म्हणून पाणी कमी. पायांवर सूज आली, क्रिएटिनिन वाढलं. किडनीवर ताण पडला होता. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. बीपी, शुगर, किडनी किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असेल तर ही गोळी आपल्या मनाने घेऊच नका, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

पॅरासिटामॉलचंही तसंच. एका पट्टीवर एक नाव, दुसरीवर दुसरं, आणि दोन्हींत औषध तेच. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाची कमाल 4 ग्रॅम. वय झालेलं असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टर त्याहून कमी ठेवतात. सगळ्या पट्ट्या एका डब्यात घालून डॉक्टरांपुढे ठेवा. ट्रॅमाडॉल असेल तर चक्कर येते आणि पोट साफ होत नाही. रात्री एकट्याने उठू नये, कमोडची खुर्ची पलंगाजवळ असावी. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचा मोह यंदापुरता सोडा. पायऱ्या चढायच्याच झाल्या तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

तपासणीसाठी अमरावती-अकोला फेऱ्या होतात. 2022 च्या जूनमध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका पदराच्या हिशेबाने 75 किलोमीटर डांबरीकरण सलग सुमारे 105 तासांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीच्या खड्ड्यांतून ज्यांनी ताजा गुडघा नेला, त्यांचे हाल मी ऐकले आहेत. रस्ता चांगला असला तरी मूर्तिजापूरला गाडी थांबवा, उतरून चार पावलं चाला, आणि बसल्या बसल्या पाऊल वर-खाली हलवत राहा. त्याने पोटरीत रक्त साकळायची भीती कमी होते.

कोणतं दुखणं चालेल आणि कोणतं नाही, हे घरच्यांनीही ओळखायला शिकावं. व्यायामाने चढलेली कळ बर्फाने आणि आरामाने उतरते; दुसऱ्या दिवशी सूज आणखी वाढलेली दिसली तर व्यायाम बंद करू नका, थोडा कमी करा. रात्रीची ठणक आठवडेच्या आठवडे राहते, सूज काही महिने येते-जाते. तेवढ्याने हवालदिल होऊ नये. पण पोटरी दुखून फुगली, जखम लाल-गरम झाली, त्यातून पाणी किंवा पू आला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखलं, तर रात्र असो की दिवस, फोनाफोनीत वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठा.