फ्रेंच भूतकाळ आणि आपला ‘ने’

प्रश्न : मी नोकरी सांभाळून फ्रेंच शिकते आहे. वर्तमानकाळ जमला, पण भूतकाळात अडले. काही क्रियापदांना ‘आव्ह्वार’ लावायचं, काहींना ‘एत्र’. शिवाय ‘पासे कोंपोझे’ आणि ‘अँपार्फे’ असे दोन भूतकाळ. क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून समजावतात आणि घोटाळा वाढतो. मराठी माणसाने हे लक्षात कसं ठेवावं?
— एक वाचक, रोहा

उत्तर : घोटाळा बहुधा इंग्रजीमुळेच होतो आहे. या बाबतीत मराठी फ्रेंचच्या जास्त जवळ आहे.

सोपं आधी उरकू. ‘मी पाच वर्षं रोह्यात राहते’ हे आपण साध्या वर्तमानकाळात म्हणतो. फ्रेंचही तेच करतं : ‘झाबीत आ रोहा दप्वी सँक आं’. इंग्रजीला इथे ‘हॅव बीन’ची शिडी लावावी लागते, तुम्ही ती चढूच नका. ‘जेवते’ आणि ‘जेवते आहे’ या दोन्हींना फ्रेंचमध्ये एकच रूप चालतं.

आता पासे कोंपोझेतली आव्ह्वार आणि एत्र ही सहायक क्रियापदं. वाक्य ‘मी’ने करू नका, कारण ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही. ‘तो’ घ्या. ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ : ‘ने’ आला की फ्रेंचमध्ये आव्ह्वार. ‘तो गेला’, ‘तो आला’, ‘तो मागे राहिला’ : ‘ने’ नाही, इथे एत्र. तुमच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे जन्मले, 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारला वारले. जन्मले, वारले, दोन्हीकडे ‘ने’ नाही आणि फ्रेंचमध्ये दोन्हीकडे एत्रच : ‘इल ए ने’, ‘इल ए मोर’. (विनोबांचं नाव उगाच घेतलेलं नाही. वडिलांच्या इच्छेवरून बडोद्याच्या शाळेत त्यांनी फ्रेंचच घेतलं होतं. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकू नये का, असं आईला वाटे. मग संस्कृत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवलं.)

या कसोटीचा खरा कस ‘उतरणे’ या क्रियापदावर लागतो. ‘तो गाडीतून उतरला’ याला एत्र : ‘इल ए देसांद्यू’. ‘त्याने बॅग उतरवली’ याला आव्ह्वार : ‘इल आ देसांद्यू’. फ्रेंच क्रियापद तेच राहतं, फक्त सहायक बदलतो. इंग्रजीतून शिकणारा याला अपवाद म्हणून घोकतो. तुम्हाला इथे घोकायचं काहीच नाही, ‘ने’ सगळं सांगतो.

पण ही कसोटी एकाच बाजूने चालते. ‘तो झोपला’, ‘तो हसला’, ‘तो धावला’, ‘तो फ्रेंच शिकला’ यांत ‘ने’ नाही, तरी फ्रेंच आव्ह्वारच लावतं. एत्रची यादी छोटी आहे : जाणे-येणे, चढणे-उतरणे, निघणे-पोचणे, जन्मणे-मरणे, मागे राहणे, होणे, पडणे आणि यांचे काही भाऊबंद. ती पाठ करावी लागेल, त्याला इलाज नाही. शिवाय स्वतःवर उलटणारी क्रियापदं, म्हणजे उठणे, थांबणे, हातपाय धुणे, ही नेहमी एत्रबरोबर जातात. ‘त्याने हात धुतले’ यात ‘ने’ असूनही एत्रच येतो.

आता ज्याला सगळे घाबरतात ते लिंगवचन. आपण ‘ती गेली’ म्हणतो, पण ‘तिने आंबा खाल्ला’ म्हणतो. पहिल्यात क्रियापद कर्त्याचं ऐकतं, दुसऱ्यात कर्माचं. फ्रेंचमध्येही जाणाऱ्या-येणाऱ्या क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. आव्ह्वार असेल तर मात्र कर्म आधी आलं असेल तरच रूप त्याच्या लिंगाप्रमाणे होतं. ‘मी चिठ्ठी लिहिली’ : ‘झे एक्री ला लेत्र’. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ : ‘ला लेत्र क झे एक्रित’. शेवटचा ‘त’ कानाला ऐकू येतो. फ्रेंच मुलंही यात चुकतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

अँपार्फे म्हणजे आपलं ‘पडत होता’ आणि ‘पडायचा’, दोन्ही एकत्र. ‘पाऊस पडत होता, नागोठण्याला गाडी थांबली, मी उतरले’ हे दिवा-रोहा गाडीतलं वाक्य घ्या. पाऊस अँपार्फेत (‘इल प्लव्हे’), थांबणं आणि उतरणं पासे कोंपोझेत. मागचा पडदा कुठला आणि घडलेली गोष्ट कुठली, हे मराठी बोलणाऱ्याला आपसूक कळतं. एक सांभाळा : ‘झे मांझे’ दिसायला ‘आय हॅव ईटन’सारखं आहे, पण त्याचा अर्थ ‘मी खाल्लं’ असाही होतो, त्यामुळे ‘काल’बरोबर ते बिनदिक्कत वापरा. आणि देवनागरीत टिपणं काढत असाल तर जपून, ‘एल ए ताले’ ऐकून कोणी आल्यासारखं वाटतं, पण अर्थ ‘ती गेली’ असा आहे.

पुस्तकांत आणखी एक भूतकाळ भेटेल, ‘पासे सँप्ल’. विनोबांच्या फ्रेंच चरित्रात ‘जन्मले’ला ‘नाकी’ असं रूप येईल. बोलण्यात तो कोणी वापरत नाही, वाचताना ओळखता आला की पुरे. आल्बेर काम्यूने 1942 च्या ‘लेत्रांझे’ या कादंबरीचं निवेदन बरंचसं पासे कोंपोझेत केलं, तेव्हा साहित्यात ते वेगळं वाटलं होतं. वाक्यंही छोटी आहेत. पहिली फ्रेंच कादंबरी वाचायची झाली तर तीच घ्या, आणि मराठीत जिथे जिथे ‘ने’ येईल तिथे समासात पेन्सिलीने खूण करत जा.